घडी आणि चुणी

आईची साडी यंत्रातून बाहेर काढली तेव्हा ती साडी आहे हे क्षणभर ओळखूच आले नाही. सुंभाच्या दोरासारखा पीळ पडलेला एक ऊन ऊन गोळा हाती आला. त्यात माझ्या दोन शर्टांच्या बाह्या अडकल्या होत्या आणि उशीचा एक अभ्रा पदराच्या पोटात शिरून बसला होता. साडी कोरडी ठणठणीत होती. पण तिच्यावर आडव्यातिडव्या चुण्यांचे जाळे उमटले होते, आणि हात फिरवून त्यांतली एकही हलेना.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आई माझ्याकडे लंडनला आली होती. आल्या दिवसापासून ती आपल्या साड्या न्हाणीघरातल्या टबात वाकून धूत असे, आणि मला ते बघवत नसे. "अगं, यंत्र आहे ना! धुऊन, वाळवूनच बाहेर देते," असे मी तिला बऱ्याच तोऱ्यात सांगितले होते. इथल्या लहान घरांत धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरातच, ओट्याखाली असते. दोन यंत्रांना जागा नसते, म्हणून धुणारे आणि वाळवणारे असे एकच यंत्र बसवतात. हिवाळ्यात बाहेर दोरीवर कपडे वाळण्याइतके ऊन नसते, आणि घरात वाळत घातले की खिडक्यांशेजारच्या भिंतींना बुरशी धरते. तेव्हा संध्याकाळी कपडे कोंबावे, कळ दाबावी आणि झोपावे, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. सकाळी निघणारे कपडे चुरगळलेले असत, पण एकट्या माणसाला त्याचे काय!

आईने साडी हातात घेतली, एकदा झटकली आणि म्हणाली, "असू दे रे. नेसले की अंगावर सुटतील." सुटल्या नाहीत. दोन दिवस तिने ती तशीच नेसली. शेजारच्या बाई भेटायला आल्या तेव्हा घरात पुरेशी ऊब असूनही ती अंगभर शाल पांघरून बसली. तिसऱ्या दिवशी साडी बॅगेच्या तळाशी गेली. ती नारायणपेठी सुती साडी वडिलांनी लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेली शेवटची साडी होती, हे मला त्यानंतर कळले. आणि तेही आईने सांगितले नाही, मावशी फोनवर बोलून गेली.

आपल्या भाषेने वस्त्राच्या दुमडण्याला किती वेगवेगळी नावे दिली आहेत! घडी ही मुद्दाम घातलेली आणि मानाची. नव्या साडीची घडी मोडायला आपण जिवाभावाच्या माणसाला देतो. निरी ही कौशल्याची. चुणी मात्र नकळत पडते, तिचा कर्ता कुणी नसतो. सुरकुती आपण बहुतेक चेहऱ्यासाठी राखून ठेवली आहे. आईच्या साडीवर कर्ता नसलेल्या चुण्या पडल्या होत्या असे मी स्वतःला काही दिवस समजावले. पण कळ मी दाबली होती.

मग मी यंत्राची पुस्तिका प्रथमच वाचली. धुण्याची क्षमता आठ किलो, वाळवण्याची पाच. एकच ड्रम आणि दोन आकडे, याचा अर्थ मला तोवर कधी कळला नव्हता. धुताना कपड्यांना पाण्यात एकमेकांवर घासायचे असते. वाळताना मात्र प्रत्येक कापडाला वर जाऊन सुटे खाली पडायला पोकळी हवी असते, तरच गरम हवा घडीघडीतून शिरते. आठ किलो भरून धुतलेले कपडे तसेच वाळवायला ठेवले की ते पडत नाहीत, एका गाठोड्यासारखे लोळतात. त्यात साडेपाच मीटरचे वस्त्र असेल तर ते बाकीच्यांना गुंडाळत जाते.

दुसरी अडचण स्पिनची. मिनिटाला १४०० फेऱ्यांनी फिरवले की सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी उरते. १००० फेऱ्यांना ते साठ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे जोरात पिळावे तितके वाळवणे लवकर आटोपते. पण जोरात पिळलेले कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटून दाबले जातात आणि एकत्रित यंत्रात त्याच अवस्थेत त्यांना उष्णता लागू होते. वेगळा ड्रायर असता तर एका यंत्रातून दुसऱ्यात टाकताना माणसाचा हात लागला असता. इथे तो हातच वगळला आहे, आणि तीच तर या यंत्राची जाहिरात!

उष्णतेने नेमके काय होते? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी शिरले की हे बंध सुटतात आणि साखळ्या सरकू लागतात. पाणी गेले की त्या असतील त्या स्थितीत पुन्हा बांधल्या जातात. कापड चुरगळलेले असताना वाळले तर चुरगळणे हीच त्याची नवी ठेवण होते. या साखळ्यांना पक्के आडवे सांधे द्यावेत, म्हणजे कापूस चुणी धरणारच नाही, या दिशेने १९५० च्या दशकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रुथ बेनेरिटो यांनी महत्त्वाचे काम केले. आजच्या इस्त्री न लागणाऱ्या शर्टांमागे ते आहे. आईच्या साडीला अर्थातच असले काही लावलेले नव्हते. त्यामुळे तिला चुण्या पडल्या, आणि त्यामुळेच त्या जाण्याची आशाही होती. जे पाण्याने सुटते ते पाण्याने पुन्हा सोडवता येते.

"ती साडी दे," असे म्हणायला मला आठवडा लागला. आई म्हणाली, "आता आणखी काय करणार आहेस तिचे?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. तिने मात्र साडी काढून दिली.

या वेळी ड्रममध्ये ती एकटीच होती. स्पिन ८०० वर ठेवला, आणि धुणे संपताच यंत्र थांबवून साडी बाहेर काढली. आईने ती झटकली. तो आवाज मी वाड्यातून बाहेर पडल्यापासून ऐकला नव्हता. मग पीळ काढून पुन्हा आत टाकली, मंद उष्णतेवर केवळ वीस मिनिटे. कापूस अगदी कोरडा होऊ द्यायचा नाही, दमट असतानाच काढायचा, कारण शेवटची चुणी त्या शेवटच्या ओलाव्याबरोबर पक्की होते. साडी काढल्यावर आई म्हणाली, "धर ते टोक." ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणि मी झोपण्याच्या खोलीच्या दारात. काठांना धरून आम्ही ती ताणली, थोडी सैल सोडली, पुन्हा ताणली. "अरे, काठ धर, मधे नको धरूस. तुझे बाबाही मधेच धरायचे." एवढे बोलून ती पुढे काही बोलली नाही. मग पावलापावलाने जवळ येत आम्ही घडी घातली आणि दमट साडीवर इस्त्री फिरवली.

सगळे काही पूर्ववत झाले नाही. एका काठाला जरासा आळा पडला आहे, तो राहिला. एप्रिलमध्ये परत जाताना आई तीच साडी नेसून विमानात बसली.

मी आता ड्रम निम्माच भरतो आणि मधे यंत्र थांबवून कपडे हाताने सोडवतो. शर्ट दमट असतानाच हँगरला लावतो. त्यांना माणूस लागत नाही. पलंगाच्या मोठ्या चादरीला मात्र दोन माणसे लागतात. तिचे एक टोक मी दाराच्या मुठीला बांधतो.