सोलापूर चादरीचा हंगाम

माझ्या संघाला मैदान नाही, गणवेश नाही, प्रशिक्षक नाही. त्यातले खेळाडू एकमेकांना भेटतात ते एकमेकांविरुद्ध खेळतानाच. कुणी फिलाडेल्फियाचा, कुणी मायामीचा, कुणी टेक्ससचा. एक तर माझ्या घरापासून वीसेक मैलांवरच्या ओकलंडचा. २०२३ साली मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आपण 'सोलापूर चादर' नावाच्या संघात होतो, आणि त्या संघाची मालकीण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात राहणारी चोपन्न वर्षांची मराठी बाई होती, हे त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नाही. कळायचं काही कारणही नाही.

याला फँटसी बेसबॉल म्हणतात. भारतात फँटसी म्हटलं की संध्याकाळच्या एका सामन्यावर लावलेले पैसे आठवतात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, तोवर त्याच्या जाहिरातींनी क्रिकेटच्या दोन षटकांमधली जागा भरून टाकली होती. आमचा प्रकार वेगळ्या जातीचा. पैसे नाहीत. मार्चमध्ये एकदा खेळाडू निवडायचे आणि पुढे सहा महिने त्यांच्याशी संसार करायचा. बेसबॉल जवळजवळ रोज असतो. प्रत्येक संघाचे १६२ सामने. त्यामुळे हा नाद जुगारापेक्षा दूधवाल्याच्या खात्याच्या अधिक जवळ जातो. रोज सकाळी काल किती आलं ते पाहायचं.

हे सुरू केलं डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने आणि त्याच्या मित्रमंडळींनी, १९८० साली. मॅनहॅटनमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या रेस्टॉरंटमध्ये ते जेवायला जमत, म्हणून या पद्धतीला रोटिसरी हे नाव पडलं. रेस्टॉरंट बंद पडलं, नाव राहिलं. गंमत म्हणजे स्वतः ओक्रेंट आपली लीग कधीच जिंकला नाही, असं सांगतात.

हिशेब असा. दहा मालक. फलंदाजीचे पाच रकाने: धावा, होम रन, आपल्या फटक्याने घरी आणलेल्या धावा, चोरलेले बेस आणि सरासरी. पिचरचेही पाच. प्रत्येक रकान्यात पहिल्या मालकाला दहा गुण, शेवटच्याला एक. म्हणजे शंभरपैकी मार्क. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सोलापुरात रेडिओवर कॉमेंटरी ऐकत शाळेच्या वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून धावफलक लिहायचे. कसोटीचे पाचही दिवस. मैदान त्यांनी पाहिलं नव्हतं, पण वही पाहून गावस्कर कुठल्या तासाला थकला हे ते सांगू शकत. त्यामुळे न दिसणाऱ्या खेळाचा हिशेब ठेवणं मला परकं नव्हतं.

मी यात आले ती जागा भरायला. मुलगा जानेवारीत नोकरीसाठी बॉस्टनला गेला. त्याच्या शाळेतल्या मित्रांची लीग जुनी, त्यातला एकजण त्या वर्षी गळला. दहावा माणूस मिळेना. मुलाने फोनवर विचारलं, "आई, तू खेळतेस का?" आमचे रविवारचे फोन तेव्हा चार वाक्यांचे असत. जेवलास का, थंडी किती, काम कसं, बाबांना देतेस का. पाचवं वाक्य मिळतंय म्हटल्यावर मी हो म्हणाले.

१२ मार्चच्या रविवारी निवड झाली. माझी पाळी दहावी. ज्या पिचरच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजाला कळतही नाही, तो टेक्ससचा जेकब डीग्रॉम मला दुसऱ्या फेरीत मिळाला. शेवटच्या इनिंगमध्ये येऊन सामना बंद करणारा, न्यूयॉर्क मेट्सचा एडविन डियाझ मिळाला. होम रनसाठी काइल श्वार्बर, सरासरीसाठी लुईस अराएझ. आणि अगदी तळाला, बाकीच्यांचं लक्ष उडाल्यावर, ओकलंडचा एस्टेउरी रुईझ. त्याच्याकडे एकच गोष्ट होती, पाय.

तीन दिवसांनी, १५ मार्चला, डियाझ आपल्या देशाकडून, पोर्टो रिकोकडून, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये खेळला. शेवटचे तिघे बाद केले, संघ जिंकला, सगळे गोल करून उड्या मारू लागले, आणि त्या उड्यांमध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. खेळताना नव्हे, आनंद करताना. हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे होते आणि त्याचा संपला होता. त्याचा धाकटा भाऊ अलेक्सिस तेव्हा सिनसिनाटीकडून तेच काम करत होता, हे मला तेव्हाच कळलं. कुणी घेतला नव्हता, मी घेतला. थोरल्याच्या जागी धाकटा; आमच्या पेठेतल्या दुकानांत हे नेहमीचंच. त्याने त्या वर्षी ३७ सामने बंद करून दिले.

एप्रिल गोड गेला. त्या वर्षी बेसबॉलने नियम बदलले होते. पिचरला घड्याळ लावलं, बेस पंधरा इंचांचे अठरा इंच केले, आणि धावकाला रोखण्यासाठी वारंवार चेंडू फेकायला बंदी घातली. साहजिकच चोरांचे दिवस आले. आदल्या वर्षी सगळ्या संघांनी मिळून २,४८६ बेस चोरले होते, २०२३मध्ये ३,५०३. रुईझ रोज एखादा आणत होता. पूर्वेकडचे सामने आमच्याकडे दुपारी चारला सुरू होतात. मी चहा ठेवायचे आणि फोन ओट्यावर उभा करायचे. नवरा म्हणायचा, "आज तुझ्या चोराने काय आणलं?"

२८ एप्रिलला डीग्रॉम चौथ्या इनिंगमध्ये मैदानाबाहेर गेला. सहा सामने, ४५ बळी, मग थांबला. महिनाभर 'दुखापतग्रस्त' असा लाल शिक्का त्याच्या नावापुढे होता. ६ जूनला बातमी आली की कोपराची शस्त्रक्रिया करणार. टॉमी जॉन शस्त्रक्रिया. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हाताचा कंडरा काढून बसवला. तो परत आला आणि १९८९पर्यंत खेळला. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. डीग्रॉमची तर ही दुसरी खेप; पहिली २०१०मध्ये झाली होती.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. मंगळवार होता, फोनचा वार नव्हता.

"आई, डीग्रॉमचं पाहिलंस?"

"पाहिलं. स्ट्राइकआउटमध्ये मी आता आठवी जाणार."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला आधीच कळलं असेल. आधी दुखत नाही, आई. आधी चेंडू हवा तिथे जात नाही. थोडासा वर जातो. आपल्याला वाटतं आज लय नाही. दुखायला नंतर लागतं."

माझा मुलगा शाळेत पिचर होता. अकरावीत असताना त्याचा कोपरा दुखावला. डॉक्टरांनी एक हंगाम थांबायला सांगितलं, तो थांबला तो थांबलाच. ग्लव्ह गॅरेजमध्ये गेला. आम्ही विचारलं तर म्हणायचा, कंटाळा आला. सहा वर्षं आमच्या घरात त्या गोष्टीचं नाव 'कंटाळा' होतं.

"तुझं किती दिवस असं वर जात होतं?" मी विचारलं.

"दोन महिने."

"दोन महिने? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खेळू दिलं असतं का?"

नसतं दिलं. दोघांनाही ते माहीत होतं. पुढे काय बोलावं ते मला सुचेना. त्याच दिवशी सिनसिनाटीकडून एली डे ला क्रूझ नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा उतरला होता, सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. मी विचारलं, "त्या एलीला कुणी घेतलं?"

"मी," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो. फोन पन्नास मिनिटं चालला.

खेळाडूंना आकड्यांत मोजणं बरं नव्हे, असं पुष्कळजण म्हणतात. मलाही डीग्रॉमची बातमी वाचून आधी स्ट्राइकआउटचा रकानाच आठवला होता. पण माझ्या मुलाला स्वतःच्या कोपराबद्दल बोलायला दुसऱ्याचा कोपरा लागला, आणि तो आमच्या दोघांमध्ये येऊन पडला तो त्या रकान्यामुळेच. 'कसं वाटतं रे तुला?' असं मी विचारलं असतं तर उत्तर 'ठीक' आलं असतं. ते मी सहा वर्षं ऐकलं होतं.

नंतरच्या आठवड्यात, १३ जूनला, आम्ही दोघं नवराबायको बार्टने ओकलंडच्या कोलिझियमला गेलो. ओकलंडच्या मालकाने संघ लास व्हेगसला हलवायचं ठरवलं होतं. चाहत्यांनी बहिष्काराच्या उलट केलं. ज्या मैदानात एरवी खुर्च्याच जास्त दिसत, तिथे त्या रात्री ठरवून २७,७५९ माणसं जमली. हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द: 'सेल'. विका. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं मैदान गप्प झालं, आणि मग एकदम आरोळी उठली: संघ विका! मीही ओरडले. ओरडता ओरडता लक्षात आलं की समोर मैदानात रुईझ उभा आहे आणि त्याची एक मालकीण मीसुद्धा आहे. शेजारचे आजोबा नातवाला सांगत होते की १९७० नंतरच्या दशकात हा संघ लागोपाठ तीन वेळा जगज्जेता झाला होता. ओकलंडने टँपा बेला २–१ हरवलं. लोक जागचे हलेनात. माझा संघ कुठलाच नव्हता म्हणून कुणी हलवूही शकत नव्हतं. यांचा संघ गावाचा होता, म्हणूनच जाऊ शकत होता. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा फाटकासमोर अशीच माणसं उभी राहत.

आता मला पिचर हवा होता आणि मुलाकडे ब्लेक स्नेल होता. त्याची सुरुवात इतकी वाईट झाली होती की मुलगा त्याला कंटाळला होता. त्याला हवा होता अराएझ. जूनमध्ये त्याची सरासरी चारशेच्या आसपास होती. आपल्याकडच्या भाषेत, दहातून चार वेळा यशस्वी. आजकाल कुणाचंच तसं नसतं. तीन दिवस घासाघीस चालली. शेवटी मी म्हणाले, "ठीक आहे, पण वर कोथिंबीर काय देतोस?" बॉस्टनमध्ये बसलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या माझ्या मुलाला ते लगेच कळलं. त्याने राखीवातला एक खेळाडू कोथिंबीर म्हणून टाकला. पुढे स्नेलला त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि अराएझ ३५४च्या सरासरीने नॅशनल लीगमध्ये पहिला आला. दोघांचंही भलं करणारा सौदा बाजारात क्वचितच होतो.

अराएझ गेल्यावर सरासरीचा रकाना श्वार्बरने बुडवला. हा माणूस एकतर चेंडू मैदानाबाहेर मारतो नाहीतर बाद होतो. त्याने हंगामात ४७ होम रन मारले आणि सरासरी राहिली १९७. होम रनमध्ये मला दहापैकी दहा, सरासरीत दहापैकी एक. तरी मी त्याला सोडलं नाही. प्रत्येक घरात असा एक दीर असतो. दिवाळीला आला की सगळ्यांना फटाके आणतो, एरवी उधारी.

जुलैमध्ये रुईझचा खांदा दुखावला, काही आठवडे तोही बाहेर बसला. ऑगस्टमध्ये परतला आणि पुन्हा धावू लागला. ओकलंड ११२ सामने हरलं. त्या हरणाऱ्या संघात तो हंगाम संपेपर्यंत ६७ बेस चोरत गेला. अमेरिकन लीगमध्ये नवख्या खेळाडूचा केनी लॉफ्टनचा १९९२चा ६६चा विक्रम त्याने मोडला. बरेचसे बेस अशा सामन्यांतले, ज्यांचा निकाल केव्हाच लागलेला असे. फक्त माझ्या वहीत त्यांना किंमत होती. आणि बहुधा त्याच्याही.

१ ऑक्टोबरला हिशेब संपला. सोलापूर चादर चौथी, मुलगा दीड गुणाने तिसरा. त्याने त्या दीड गुणाचा महिनाभर उल्लेख केला. टेक्सस डीग्रॉमविना जगज्जेते झाले, त्या रात्रीही तो फोनवर होता. मध्येच म्हणाला, "गॅरेजमधला ग्लव्ह कुरियरने पाठवशील? इथे ऑफिसातली पोरं खेळतात. पिचिंग नाही करणार. फर्स्ट बेसला उभा राहीन." मी ग्लव्हला तेल लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळला, पाठवला. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

लीग आजही चालू आहे. ओकलंडचा संघ २०२४च्या हंगामानंतर गाव सोडून गेला. रुईझला त्याआधीच, २०२४च्या सुरुवातीला, खालच्या लीगमध्ये धाडलं होतं. तिथले आकडे आमच्या खेळात धरत नाहीत. तिथे त्याने बेस चोरला तर कुणाच्याच खात्यात काही जमा होत नसे. तरी सकाळी चहा ठेवला की मी आधी त्याचं नाव शोधते, काल धावला का पाहते, आणि मग माझ्या संघाकडे वळते.