खिंडीतले उघडे दार

सेंट बर्नार्ड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गळ्यात दारूचे पिंप अडकवलेला अगडबंब कुत्रा! स्वित्झर्लंडला जायचे ठरले तेव्हा आमची सौ. म्हणाली, "तो कुत्रा जिथला, ते गाव पाहू या."

पण ते गाव नव्हे; ती खिंड आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर, आल्प्समध्ये, सुमारे २,४७० मीटर उंचीवर. अकराव्या शतकाच्या मध्यास बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. ऑगस्टीनच्या नियमाने राहणारे पाद्री ती आजतागायत चालवीत आहेत.

२०२३च्या सप्टेंबरात आम्ही बूर-सँ-प्येर या खेड्यापर्यंत बसने गेलो आणि तेथून जुन्या पायवाटेने चढू लागलो. इंग्लंडातील कँटरबरीहून रोमला जाणारे यात्रेकरू हीच वाट तुडवीत. दुपारपर्यंत सारे ठीक होते. मग धुके उतरले आणि पाठोपाठ बर्फ भुरभुरू लागले. चार पावलांपलीकडचे दिसेना. सौ. बोलायची थांबली, तेव्हा मी खरा घाबरलो! अखेर धुक्यातून एक प्रचंड दगडी इमारत पुढे आली. दार नुसते ढकलले. ते उघडेच होते. रात्रीही त्याला कुलूप लावायचे नाही, अशी येथली परंपरा.

आतल्या पाद्रीबुवांनी काही विचारण्याआधी गरम चहा पुढे ठेवला. सौ.ला राहवले नाही. ती म्हणाली, "आम्ही ख्रिस्ती नाही हं." त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, "पण पाय भिजलेत ना?"

मुक्कामाचे पैसे आता घेतात, आणि ते रास्तच आहे. पण रात्री सौ. मांस खात नाही असे कळताच तेच गृहस्थ स्वतः सूप, पाव आणि चीज घेऊन आले. धर्माविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. मीच विचारले, तेव्हा मठाचे ब्रीद सांगितले : येथे ख्रिस्ताची पूजा होते आणि येथेच त्याला जेवू घातले जाते. पूजेतला ख्रिस्त मला समजला; जेवणारा कोणता? तर जो कोणी दाराशी येईल तो. परक्याला दिलेला आसरा ख्रिस्तालाच पोचतो, ही मॅथ्यूच्या शुभवर्तमानातली शिकवण या लोकांनी शब्दशः घेतली आहे.

घेतली, ती स्वस्तात नव्हे. पाद्री आणि त्यांचे कुत्रे बर्फात वाट चुकलेल्यांना शोधायला जात. १८०० साली जन्मलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसांवर माणसे वाचवली असे सांगतात. ते पिंप मात्र लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० साली चित्रात अडकवले! १९६४ साली खिंडीखालून बोगदा झाला. २००५ पासून कुत्र्यांचा सांभाळ मार्तिन्यी येथील संस्थेकडे आहे. आता थोडेच पाद्री उरले आहेत. दार मात्र उघडे आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण थंडी नव्हे. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला आमच्या दारावर थाप पडली होती. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. खेड्यातले, नखशिखान्त भिजलेले. शेवटची एस.टी. चुकली होती. दाराची साखळी न काढताच मी फटीतून त्यांना स्टँडजवळच्या लॉजचा पत्ता सांगितला. "बरं सर," म्हणून ते जिना उतरले. आमच्या पायपुसण्यावर 'सुस्वागतम्' विणलेले आहे. अतिथी हा देव, हे मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो. त्या पाद्रीबुवांनी ते न शिकवता केले.

परत आल्यावर मुलाकडून पत्ता घेऊन मी त्याच्या वडिलांना पत्र टाकले. झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, दिवाळीला या म्हणून लिहिले. आठ दिवसांत उत्तर आले :

"पत्र पावले. सवडीने येऊ. लॉज चांगले होते. सरांनी मनाला लावून घेऊ नये."

ते अजून आलेले नाहीत. सौ. दर दिवाळीला त्यांच्यासाठी फराळाचा एक डबा बाजूला ठेवते.