गंडिकोटा : खिंडीतला किल्ला

आपल्या भागातून तिरुपतीला गाडीने जाणाऱ्या मंडळींचे सारे लक्ष जाताना दर्शनाच्या वेळेकडे आणि येताना घराकडे असते. बळ्ळारी, गुंटकल, ताडिपत्री, कडपा ही गावे फक्त पाट्यांवर वाचायची!

मामंजी गेल्यानंतर सासूबाईंची ही पहिलीच यात्रा होती. प्रवासभर त्या गप्प होत्या. परतीच्या वाटेवर, कडपा मागे पडल्यावर ‘गंडिकोटा’ अशी पाटी दिसली. त्यांचे माहेर धारवाडकडचे. पाटी वाचून त्याच म्हणाल्या, “गंडी म्हणजे आपली कंडीच की गं. आणि कोटा म्हणजे कोटे. खिंडीतला किल्ला. बघूया तरी.”

मुद्दनूरहून जम्मलमडुगूकडे वळलो. तिथून गंडिकोटा सुमारे १५ कि.मी. आहे. किल्ल्यात शिरल्यावर माधवराय आणि रंगनाथ यांची देवळे, जामा मशीद आणि दगडी कोठार दिसते. विजयनगरच्या काळात इथे पेम्मसानी नायकांचा अंमल होता. पुढे गोवळकोंड्याच्या मीर जुमल्याने किल्ला जिंकला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये १६५२ साली त्याला इथेच भेटला होता.

मशिदीमागून खडकांवरून थोडे चालले, की जमीन एकदम संपते. खाली पेन्ना नदी! आपल्याच कर्नाटकात, नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावणाऱ्या या नदीने एरमला डोंगर कापून ही घळ केली आहे. दोन्ही बाजूंना तांबूस दगडाचे सरळ कडे, जणू कुणी शिळा रचून ठेवल्यात. त्यांची उंची सुमारे ३०० फूट. मुलेसुद्धा गप्प झाली.

सासूबाई बराच वेळ पाहत बसल्या. मग एकदम हसल्या. “हे असते तर गाडी थांबलीच नसती. ‘उशीर होतोय’ म्हणाले असते!” मामंजींचा विषय त्यांनी स्वतःहून काढला तो कित्येक महिन्यांनी. पुढे ताक विकणाऱ्या बाईशी त्या कानडीत बोलल्या, ती तेलुगूत बोलली. ‘नीरु’ दोघींचे एकच, त्यामुळे काही अडले नाही. हुबळी येईपर्यंत मामंजींच्या गोष्टी चालल्या होत्या.

तुम्ही गेलात तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. उन्हाळा टाळा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. पिण्याचे पाणी जवळ असू द्या. आम्ही उभे होतो तिथे कठडा नव्हता, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. वडीलधारी माणसे सोबत असतील तर सपाट खडक पाहून त्यांना निवांत बसू द्या. घाई करू नका.