कार्यानुभवाचा तास

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीच्या प्रवेशाची पहिली यादी झळकेपर्यंत, घाटकोपर-मुलुंडकडे काय आणि अंधेरी-बोरिवलीकडे काय, ज्या एका धंद्यास हमखास बरकत येते तो उपदेशाचा होय. शाळांची सभागृहे, ज्ञातिसंस्थांची कार्यालये आणि खासगी शिकवणीवर्गांचे वातानुकूलित मजले, सर्वत्र करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. आणि व्यासपीठावरील गृहस्थ कितीही व्यासंगी असले तरी अखेरीस निवाडा टक्केवारीच्या शिरस्त्यानेच होतो : वरच्या गुणांस विज्ञान, मधल्यांस वाणिज्य, उरलेल्यांस कला आणि ज्यांचे कशातच जमत नाही त्यांच्यासाठी, आवाज किंचित खाली आणून, आयटीआय.

एके काळी आमच्या बाजूच्या मुलांना या शिबिरांची निकड भासत नसे. जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुपच्या गेस्ट कीन विल्यम्ससारखे कारखाने चालू होते. पाळी सुटली की तेलकट कपड्यांतली माणसे घरोघर परतत आणि जेवताना फोरमनची, मशीनची, चुकलेल्या मापाची गोष्ट निघे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. वशिल्याने चिकटवलेल्या मुलाचे मन कोणी विचारीत नसे आणि मुलींचा तर त्या हिशेबात समावेशच नव्हता. तथापि काम म्हणजे काय हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. आज त्यातल्या पुष्कळ कारखान्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उभे आहेत, आणि तेथे राहणाऱ्या मुलास वडील दिवसभर नेमके काय करतात असे विचारले तर तो ‘लॅपटॉपवर असतात’ यापलीकडे तपशील देऊ शकत नाही.

घाटकोपर स्टेशनलगतच्या एका गल्लीत मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा संध्याकाळी दुकानावर बसतो. गिऱ्हाइकाने पिशवीतून काढलेला मिक्सर तो उघडत नाही. आधी भांडे न लावता क्षणभर चालवतो, कान देतो आणि म्हणतो, ‘बुश गेलाय, आर्मेचर ठीक आहे.’ मग वास घेऊन वाइंडिंग जळलेले नाही याची खात्री करतो. हाच मुलगा शाळेत विद्युतधारेच्या धड्यावर जेमतेम उत्तीर्ण होतो, कारण तेथे त्याला व्याख्या लिहावयाची असते आणि व्याख्येतल्या प्रवाहाचा व आपल्या हातातल्या जळक्या तारेचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी दाखवून दिलेले नसते. शिबिरात त्याला वाणिज्य शाखा सुचविण्यात आली. सल्ला देणाऱ्यास दोष तरी कसा द्यावा? त्याच्यापुढे गुणपत्रिका होती, मिक्सर नव्हता.

या उणिवेची जाणीव सरकारला नव्हती असे नाही. व्यवसाय मार्गदर्शनाची सरकारी संस्था मुंबईत कित्येक दशकांपासून आहे. आणि 2016 पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणीही घेतली. वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, कृषी, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे, याचा अहवाल त्यातून हाती पडे. हेतू स्तुत्य होता. परंतु ज्या मुलाने कधी वाफ्यात रोप लावले नाही, करवत धरली नाही, आजाऱ्याचा ताप मोजून लिहून ठेवला नाही, त्यास यातील काय आवडेल असे विचारणे म्हणजे न चाखलेल्या पदार्थांची यादी पुढे करून पसंतीची खूण मागणे होय. दहा वर्षे एका जागी बसवून ऐकावयास लावावयाचे आणि शेवटच्या वर्षी कल विचारावयाचा, हा क्रमच मुळात उलटा आहे.

तो सुलटा करून पाहणारा माणूस आमच्या अंधेरीतूनच गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत काही वर्षे काढून ते हिंदुस्थान लिव्हरच्या अंधेरीतील संशोधन केंद्रात आले आणि तेथे मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तोही शाळेने टाकलेल्या मुलांसाठी. वेल्डिंग, बांधकाम, शेती, कोंबड्या, विजेची जोडणी, माती-पाण्याची तपासणी, सारे ती मुले करीत, आणि करता करता गणित व विज्ञान त्यांच्या गळी उतरे. त्रिकोणांच्या सांगाड्यातून उभे राहणारे पाबळचे घुमट याची साक्ष देतात. पुढे हीच रीत आठवी ते दहावीच्या शाळांत आठवड्यातून एक दिवस याप्रमाणे गेली. शिकवावयास गावातलेच कारागीर आले, आणि मुले गावकऱ्यांची कामे मोबदला घेऊन करू लागली. अशा मुलास दहावीत कल विचारला तर तो निदान काय नको एवढे तरी ठामपणे सांगेल, आणि तेवढेही थोडे नाही.

हे खेड्यात ठीक, उपनगरात जागा कोठे आहे, असा आक्षेप येईल. तो सर्वस्वी खोटा नाही. आमच्या कित्येक शाळांना मैदानच नाही, मग कर्मशाळा कोठून येणार? शिवाय मुलाने पाना हातात धरला की पालकांच्या पोटात गोळा येतो, जणू अभ्यासातून त्याचे नावच खारीज झाले. इंजिनीअर हवा असणाऱ्या घरास पान्याचे एवढे वावडे का असावे, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही. परंतु मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले लहान गाळे, दवाखाने, छापखाने, शिंप्यांची व सुतारांची दुकाने शाळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि पाबळमध्ये कारागीर शिक्षक होऊ शकतो तर घाटकोपरच्या गल्लीतला का नाही? वेळेचे म्हणाल तर कार्यानुभवाची तासिका वेळापत्रकात कितीतरी वर्षांपासून आहेच. सध्या तीत कागदी फुले होतात, किंवा वरचा वर्ग असेल तर गणिताचे सर ती मागून घेतात. ती त्यांच्याकडून परत मागावयास मुख्याध्यापकांना वरून कोणा हुकमाची गरज नाही.