मागितल्याशिवाय

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. म्हैसूरच्या कुवेंपूनगरातल्या त्या छोट्या घरात ती भांडी आवरून नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि लॅपटॉपवरची ओळ न् ओळ वाचू लागली. ‘‘चोपन्नावी ओळ. कंस उघडला. आत आणखी दोन कंस... थांबा, एकच आहे.’’ तो डोळे मिटून ऐकत होता. वाणिज्य शाखेची पदवीधर असलेल्या तिला त्या मजकुरातलं ओ का ठो कळत नव्हतं. तरी गेले चार महिने हे रोज चाललं होतं आणि ऑफिसात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

मूळचा मिरजेचा हा मुलगा इंजिनिअर होऊन म्हैसूरला आला आणि तिथलाच झाला. तिशी ओलांडल्यावर संध्याकाळी जिना उतरताना ठेच लागू लागली. डॉक्टरांनी निदान केलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. या आजारात आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूची नजर आत आत येत जाते. शेवटी नळीतून पाहावं तेवढंच जग उरतं.

तो खचला नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम त्याने शिकून घेतले. विंडोजवरचा एनव्हीडीए तर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली त्याची सुरुवात केली. मॅकवर व्हॉइसओव्हर आहे, लिनक्सवर ऑर्का. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी २०१५मध्ये आलेला व्हीएस कोड हा एडिटरही या वाचकांशी छान जुळवून घेतो.

घोडं अडलं होतं ते ऑफिसातल्या एका सॉफ्टवेअरपाशी. तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालणारं, मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेलं, महागडं. पण त्यात प्रोग्रॅम लिहायचा तो त्याच्याच चौकटीत, बाहेरचा एडिटर चालत नसे. वाचणारा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीला विचारतो, ‘इथे काय लिहिलंय?’ ही चौकट मात्र अक्षरं चित्रासारखी नुसती रंगवायची, उत्तर द्यायची नाही. कानात फक्त शांतता.

एका रात्री ती वाचता वाचता थांबली. ‘‘अहो, मी आठ दिवस माहेरी गेले तर तुमची नोकरी कोण करणार?’’

‘‘सांगितलं तर म्हणतील, याला आता जमत नाही.’’

‘‘आणि न सांगता किती दिवस जमेल?’’

आतल्या खोलीत बाबा जागेच होते. मिरजेच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते बाहेर येऊन म्हणाले, ‘‘बाळ, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. अर्ज कर.’’

त्याने दोन पानं लिहून काढली. बाबांनी ती सुनेकडून वाचून घेतली आणि मान हलवली. ‘‘ही तक्रार झाली. तक्रारीत राग असतो, अर्जात मागणी असते. साहेबाला सही कशावर करायची तेच यात नाही. तुला नेमकं काय हवं? पूर्वीचा दाखला कोणता? आणि देणाऱ्याला ते सोपं कसं पडेल?’’

दाखला शोधायला लांब जावं लागलं नाही. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुढे ते गणित शिकले, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले आणि १९९५मध्ये त्यांनी इमॅक्स या एडिटरला वाचा दिली. त्या बोलक्या एडिटरचं नाव इमॅकस्पीक.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याने बाबांना समजेल असं सांगितलं. ‘‘समजा, वाड्यात पाच भाषांची पाच बिऱ्हाडं आहेत आणि दारावर येणारे चार फेरीवाले, चौघांच्या भाषा निराळ्या. प्रत्येक जोडीला दुभाषा द्यायचा तर वीस लागतील. पण एक समाईक बोली ठरवली, की नऊजणांनी ती एकदा शिकली म्हणजे झालं.’’ बिऱ्हाडं म्हणजे एडिटर, फेरीवाले म्हणजे संगणकाच्या भाषा. अशी समाईक बोली मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये खुली केली, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. म्हणजे कंपनीला प्रत्येक एडिटरसाठी वेगळे कष्ट नकोत. चुका दाखवणारी, शब्द सुचवणारी एकच सोय बनवायची, ती बोली जाणणारा प्रत्येक एडिटर ती वापरू शकतो.

नवा अर्ज एका पानात मावला. मागण्या दोनच. फाइल बाहेरच्या एडिटरमध्ये उघडू द्यावी आणि ही समाईक सोय द्यावी. शेवटी एक ओळ होती, ‘याचा उपयोग मला होईल, तसाच धडधाकट डोळ्यांच्या सहकाऱ्यांनाही होईल.’

अर्ज आधी साहेबांच्या हाती द्यायचा होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मंददृष्टीचीही नोंद आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण कायद्याचा आधार असला तरी तोंड उघडायला धीर लागतोच. साहेबांनी सगळं ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढंच विचारलं, ‘‘चार महिने का थांबलात?’’ त्याच दिवशी अर्ज ऑफिसच्या शिफारशीसह पुढे गेला.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. दुसऱ्या मागणीला वेळ लागेल, पहिली पुढच्या आवृत्तीत मान्य. ती आवृत्ती यायला सहा महिने लागले. तोवर साहेबांनी त्याच्याकडे दुसरं काम दिलं आणि रात्रीची ती खुर्ची भिंतीला लागली.

त्यानंतरच्या मे महिन्यात ती आठ दिवस साताऱ्याला माहेरी गेली. तिसऱ्या रात्री न राहवून तिने फोन केला. ‘‘चोपन्नावी ओळ कोण वाचतंय?’’

त्याने फोन लॅपटॉपजवळ धरला. एक यांत्रिक आवाज भरभर कंस मोजत होता, एकही न चुकता.

तिने जरा वेळ ऐकलं. मग म्हणाली, ‘‘वाचतो बरा. पण मधे चहा विचारतो का?’’