गोदाकाठचा विटांचा वाडा

कोपरगावात गोदेच्या काठी राघोबादादांचा वाडा आहे. अटकेपार झेंडे नेल्याची कीर्ती ज्याच्या नावावर आणि पुतण्या नारायणराव पेशव्याच्या खुनाचा डागही ज्याच्याच माथी, त्या रघुनाथरावाचा हा शेवटचा मुक्काम. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्याची साथ सोडली, दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ११ डिसेंबर १७८३ ला याच परिसरात तो वारला.

मला मात्र या वाड्यापाशी गेलं की आधी वीट दिसते. पेशवाईतली वीट म्हणजे थापलेल्या भाकरीसारखी पातळ. पातळ वीट थोड्या जळणातही आतपर्यंत सारखी भाजते, कच्ची राहत नाही. दोन विटांमध्ये बैलाच्या घाण्यात मळलेला चुना. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायची रीत होती. खाली काळ्या दगडाचं जोतं, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये. वजन पेलायला सागवानी खांब आणि तुळया. या लाकडाचंच भय मोठं: १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे मजले गेले, जोतं उरलं.

त्याच अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या गावांतूनही विटांची घरं उठत होती. त्यांच्या मोठ्या खिडक्या एका ओळीत, रस्त्याकडे बघणाऱ्या. आपला वाडा रस्त्याला भिंत दाखवतो आणि चौकाकडे उघडतो; उजेड, वारा, बायकामाणसांची ये-जा, सगळं आत. लाहोरपर्यंत घोडदौड केलेला, सुरत-मुंबईत इंग्रजांच्या आसऱ्याला राहिलेला माणूस अखेर अशा आत वळलेल्या घरात येऊन थांबला, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्या अपराधांसकट वाटतं.

जवळच हिंगणीलाही त्याचा वाडा होता. तो पाडून त्याचं सामान विकलं गेलं. कोपरगावच्या वाड्यात इंग्रजी अमलात सरकारी कचेरी बसली, आणि माझ्या मते त्या कारकुनांच्या वर्दळीनेच तो वाचला. माणसं असली की गळकं छप्पर कुणाच्या तरी डोक्यावर गळतं, मग ते शाकारलं जातं.

आता एवढंच मनापासून मागणं: या वाड्याच्या भिंतींना सिमेंट लावू नका. सिमेंट ओल आत कोंडतं आणि जुनी वीट भुगा होऊन सुटते. चुना मळणारे गवंडी अजून मिळतात, त्यांना बोलवा.