आईची वाकळ

१९८२ च्या जूनमध्ये मी वसतिगृहात दाखल झालो, तेव्हा ट्रंकेत दोन गणवेश, ताट-वाटी आणि आईने शिवलेली वाकळ एवढाच ऐवज होता. शिंप्याकडून तिने कातरण मागून आणले होते : छिटाचे, मांजरपाटाचे, खाकीचे तुकडे. आत जुन्या लुगड्याचे दोन पदर, वर हे तुकडे मांडून कडेकडून आत धावदोरा. मधोमध जयंतीच्या पताकांतून उरलेला निळा तुकडा. तो मात्र तिने मोजून बसवला होता.

इतरांकडे सोलापुरी चादरी होत्या. मला लाज वाटली. वाकळ ट्रंकेच्या तळाशी दडवून पहिला हिवाळा मी कुडकुडत काढला. आई भेटीस आली, तिला घडी न मोडलेली दिसली. ती काहीच बोलली नाही.

पुढे एम. ए.ला असताना विनयपिटकातील महावग्ग वाचनात आला. मगधातील बांधाबांधांची शेते दाखवून, तसे चीवर करता येईल का, असे तथागतांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते बेतले. टाकलेल्या चिंध्यांच्या चीवराला तर पांसुकूल हे स्वतंत्र नावच आहे. पुस्तक मिटून मी बराच वेळ ग्रंथालयात बसून राहिलो.

सुट्टीत घरी जाऊन आईला हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता पांघरतोस का रं?”